एका खेपेत नेता येईल एवढं गाणं

मी एक जुना लाकडी रॅक आहे, मित्रांनो. जुना म्हणालो, मोडका नाही म्हणालो. सहा फळ्या, चार पाय, आणि अंगात एकही खिळा नाही. जपानातल्या ओनोमिचीच्या टेकडीवर दोनशे सतरा पायऱ्या चढून आलात की डाव्या हाताला जे घर लागतं, त्याच्या आतल्या खोलीत मी त्रेचाळीस वर्षं उभा आहे. बस म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं.

माझा जन्म खाली बंदरावरच्या जहाजाच्या कारखान्यातला. तिथं कुवादा नावाचा सुतार होता आणि आमचा मालक तोकुजी तिथंच वेल्डिंग करायचा. दोघं दुपारचा डबा एकत्र खायचे. एका बोटीच्या डेकच्या फळ्या उरल्या होत्या. तोकुजी म्हणाला, "याचा मला रॅक करून दे."

"ठेवणार काय?"

"गाणी. रेकॉर्डी."

"किती?"

"असतील शंभरेक."

कुवादानं आयुष्यभर बोटीच बांधल्या होत्या. घरातलं सामान कसं करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तुफान आलं तर काय, एवढंच त्याला कळायचं. शंभर रेकॉर्डींसाठी त्यानं असा रॅक केला की वर चार रेडे बांधावेत. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जहाज बुडेल, पण हा वाकायचा नाही."

ती थाप मला अजून आठवते. पुढं सगळ्या भानगडी तिथूनच झाल्या, कारण मी खरंच वाकलो नाही.

आमच्या टेकडीवर गाडी येत नाही. रॉकेलचा डबा असो की नवरीचं कपाट, जे येतं ते माणसाच्या पाठीवर येतं. त्यासाठी घराघरात पाठीला बांधायची एक लाकडी चौकट असते. तिच्यावर माझे चार तुकडे करून कुवादा मला घेऊन आला. चार खेपांत त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही लहान आहात.

हे घर तोकुजीच्या बायकोचं, सुमिएचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. ते सरकत्या दारांना कागद चिकटवणारे कारागीर होते. माझ्या खोलीचं दार त्यांच्याच हातचं. त्यावर त्यांनी उथळ पाण्यात उभे असलेले पाच करकोचे रंगवलेत. पाचवा अर्धाच झालाय, कारण तो रंगवताना म्हातारे आजारी पडले ते उठलेच नाहीत. सुमिए येता जाता त्या अर्ध्या करकोच्याला हात लावते. हे दार लक्षात ठेवा.

पहिल्या वर्षी माझी एक फळीसुद्धा भरली नव्हती. तोकुजी कामावरून यायचा, हात धुवायचा, एक रेकॉर्ड लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. फार चांगले दिवस होते ते. प्रत्येक रेकॉर्डला नाव होतं, मान होता.

मग त्याला नाद लागला. पगाराच्या दिवशी तो भाजीची टोपली घेऊन घरी यायचा, वर मुळ्याची पानं आणि खाली रेकॉर्डी. सुमिए स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "अहो, या वेळचे मुळे चौकोनी दिसतायत."

"नवीन जात आहे," तोकुजी म्हणायचा.

"मग चिरू का?"

तो टोपली उचलून थेट माझ्याकडं यायचा.

पियानो आला, बासरी आली, परदेशी वाद्यमेळे आले, खलाशांची रडकी गाणी आली. पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्ड आली. एका रेकॉर्डवर तर दोन्ही बाजूंना फक्त वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्या होत्या. ती तोकुजीनं तीनदा आणली, कारण पहिली आहे हेच तो विसरला आणि दुसरी आहे हे तिसऱ्या वेळी विसरला. साठ-सत्तर रेकॉर्डी तर त्यानं पाकिटातून बाहेरसुद्धा काढल्या नाहीत. माझ्या तिसऱ्या फळीच्या कोपऱ्यात एक बाई होती, फोटोत हसणारी, एकोणीस वर्षं हसत होती बिचारी. तिचा आवाज या घरात कुणी ऐकला नाही.

आणि माझं काय? मी फुगलो होतो. पाहुणे यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, "बापरे!" म्हणायचे. विचारायचे, "किती आहेत हो?" तोकुजी म्हणायचा, "दोन हजार." मग तीन. मग तीन हजार आठशे. इतक्या वर्षांत 'यातली आवडती कुठली?' असं एकानंही विचारलं नाही. मलाही तेव्हा ते खटकलं नाही. मी आपला छाती काढून उभा.

पण मित्रांनो, मी वाकलो नाही याचा अर्थ वजन कुठं गेलं नाही असा होत नाही. ते माझ्या पायांतून जमिनीत गेलं. जमिनीतून शेजारच्या खांबात गेलं, खांब खाली बसला आणि त्यानं दारावरची पट्टी स्वतःबरोबर ओढली. दार घासायला लागलं.

दार अडकलं की आमच्याकडं लोक एकच गोष्ट करतात, खाचेत मेणबत्ती घासतात. तोकुजीनं घासली. दार महिनाभर सरकलं. "हवा दमट आहे," तो म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा दमट. जानेवारीत थंडीनं ओठ फुटत होते तरी त्याची हवा दमटच. मग त्यानं रंधा आणला आणि दाराची खालची पट्टी जराशी तासली. पुढच्या वर्षी आणखी जराशी. सुमिए एक काचेची गोटी जमिनीवर ठेवायची. गोटी गडगडत यायची आणि माझ्या पायाला टक्कर द्यायची. ती तोकुजीकडं बघायची. तोकुजी छताकडं बघायचा.

तासता तासता पट्टी संपली. आता रंधा मारला असता तर करकोच्यांचे पायच गेले असते.

आणि मग मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तोकुजी आत आला, दार लावलं, रेकॉर्ड ठेवली आणि दार कायमचं बसलं. आतून तो ओढतोय, बाहेरून सुमिए. हलेना.

"अहो, खिडकीतून या बाहेर."

"खिडकीखाली तोयो आजीचं छप्पर आहे. कौलं फुटतील."

"मग?"

"कागद फाडतो थोडासा. नंतर चिकटवू."

मग सुमिएचा आवाज आला, हळू, पण मला फळ्यांपर्यंत थंडी वाजली. "माझ्या बाबांचा कागद फाडलात तर त्याच भोकातून मी निघून जाईन. ओकायामाला, बहिणीकडं. पुन्हा येणार नाही."

तोकुजीनं कागद फाडला नाही. सुमिएनं स्टुलावर चढून दारावरच्या जाळीतून त्याला एक एक करून भाताचे गोळे दिले आणि फोन करून कुवादाला बोलावलं. कुवादा आता सत्तरीचा झाला होता. दोनशे सतरा पायऱ्या चढून यायला त्याला पाऊण तास लागला, त्यातला निम्मा वेळ शिव्यांत गेला. तेवढ्या वेळात आत तोकुजीनं दोन रेकॉर्डी ऐकल्या. खरं सांगू, तो मजेत होता.

कुवादा आधी घराखाली शिरला. तिथून दोन मांजरं बाहेर पळाली, त्यांच्या मागून डोक्याला कोळ्याची जाळी लागलेला कुवादा. बोटीचा जॅक लावून त्यानं खांब बोटभर उचलला तेव्हा कुठं दार सुटलं. चहा पिता पिता तो म्हणाला, "वहिनी, खरं सांगतो. हे टिकायचं नाही. जॅक काढला की खांब परत बसणार. एक तर दार खालून कापा, नाही तर खोली हलकी करा."

"दार कापायचं नाही," सुमिए म्हणाली.

"रेकॉर्डी टाकायच्या नाहीत," तोकुजी म्हणाला.

"तुझा रॅकच मेला जड," तो कुवादाला म्हणाला.

"अरे लेका, मी शंभरासाठी केला होता! तू माझ्या रॅकवर अख्खं बंदर चढवलंस. रॅक बोटीचा आहे, घर घराचं आहे. खांबाला कळतं ते तुला कळत नाही?"

तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. एवढी वर्षं न वाकण्याची फुशारकी मारली आणि माझ्या वाट्याचं वाकणं एका म्हाताऱ्या खांबानं केलं होतं.

तीन दिवस जॅक खांबाखाली तसाच राहिला आणि दोघांतलं कुणी मागं हटलं नाही. चौथ्या दिवशी सुमिएनं आपली बॅग काढून दारापाशी ठेवली. रिकामीच, पण ठेवली. तोकुजीनं ती पाहिली आणि खाली बसला.

"सांग, किती ठेवू? हजार?"

"आकडा मी सांगत नाही. ती पाठीची चौकट घ्या, तिच्यावर हव्या तेवढ्या बांधा. इथून रेल्वेच्या फाटकापर्यंत उतरा आणि परत वर या. वर येताना पाठीवर ज्या असतील त्या तुमच्या. बाकीच्यांना मी रामराम म्हणते."

"एकाच खेपेत?"

"चाळीस वर्षं वर आणल्या तेव्हा कुणी खेपा मोजल्या का? आता एक मोजू."

तोकुजी हसला. जहाजाच्या कारखान्यातला गडी होता तो. दीडशे बांधल्या. सगळ्यात खाली पहिल्यापासूनची आवडती एक, आणि सगळ्यात वर त्या तीनपैकी एक शिट्ट्यांची. मला ते सगळं खिडकीतून दिसत होतं, आणि जे दिसलं नाही ते नंतर सगळ्या टेकडीनं येऊन सांगितलं.

उतरताना गडी राजासारखा उतरला. लोक दारात आले. कुणी विचारलं, "तोकुजी, घर सोडून चाललास काय रे?" फाटकाशी त्यानं गाडी जाऊ दिली, वळला आणि वर पाहिलं. दोनशे सतरा.

चाळिसाव्या पायरीवर त्यानं परदेशी वाद्यमेळे सोडले. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात. "ठेव, ऐक, मला नको." नव्वदाव्या पायरीवर खलाशांची रडकी गाणी गेली, कारण तोवर तो स्वतःच रडकुंडीला आला होता. देवळाच्या वळणावर तो सपशेल बसला आणि एक एक रेकॉर्ड काढून बघायला लागला. ही मी ऐकली का? नाही. ही? आठवत नाही. ही कधी आणली? अशा सत्तर रेकॉर्डी देवळाच्या ओट्यावर राहिल्या. एकोणीस वर्षं हसणारी बाई देवळातल्या बाईंनी त्याच संध्याकाळी लावली. आवाज चांगला आहे म्हणे तिचा.

एकशे नव्वदाव्या पायरीवर तोयो आजी सातूचा गार चहा घेऊन उभी होती. नव्वदीची बाई, पण जीभ कोवळी.

"तोकू, माझ्या कौलांवर पडणार होतास म्हणे?"

"नाही पडलो ना, आजी."

"हे वरचं काय? इंजिनाचं चित्र?"

"शिट्ट्या आहेत. नुसत्या शिट्ट्या."

आजीनं चहाचा पेला खाली ठेवला. "माझे हे इंजिनावर होते. तीस वर्षं. फाटकापाशी आले की दोनदा शिट्टी द्यायचे, म्हणजे मी भात चढवायची." एवढंच बोलली. तोकुजीनं ती रेकॉर्ड काढली आणि तिच्या हातात दिली. तिथून वरच्या सत्तावीस पायऱ्या तो कसा आला ते त्यालाही सांगता येत नाही.

दारात पोचला तेव्हा पाठीवर चव्वेचाळीस होत्या. सुमिएनं मोजल्या. सगळ्यात खाली, पाठीला लागून, ती आवडती. तिच्यावर एक ओरखडा आहे. सुई तिथं आली की गाणं अडखळतं आणि तीच ओळ पुन्हा म्हणतं. सुमिए कांद्याची पात चिरताना ते गाणं गुणगुणते, आणि बरोबर तिथंच अडखळून तीच ओळ पुन्हा म्हणते. तिला ते कधी कळलंच नाही. तोकुजीला कळलं होतं.

"ही कशाला ठेवलीत? खराब आहे ती."

"राहू दे," तो म्हणाला. "मला सवय आहे."

तिनं दारापाशी ठेवलेली बॅग उचलून परत माळ्यावर टाकली.

माझ्या अंगावरच्या बाकीच्या रेकॉर्डी त्या महिन्यात टेकडीभर वाटल्या गेल्या. कुवादानं खांब सरळ केला, दाराला खालून नवी पट्टी लावली, दार बोटानं सरकायला लागलं. आणि मित्रांनो, खरी गंमत पुढंच आहे. आता दुपारी तोकुजी पायरीवर बसतो. न्हाव्याकडून वाद्यमेळा वर येतो, देवळातून ती बाई गाते, आणि चार वाजले की तोयो आजीच्या घरातून दोन शिट्ट्या होतात. मांजरं पळतात, आजी भात चढवते. आपल्या रेकॉर्डी तोकुजी आता ऐकायला लागलाय. घरात होत्या तेव्हा जमलं नव्हतं.

मी मात्र रिकामा झालो. सहा फळ्यांवर चव्वेचाळीस. धूळ बसायला लागली. दुर्लक्षाचं दुःख काय असतं ते तुमच्या जुन्या दप्तराला विचारा. मग जूनमध्ये एक दिवस सुमिए आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढी जागा फुकट?" आणि तिनं खारवलेल्या उमेची, म्हणजे इथल्या आंबट फळांची, एक बरणी माझ्या तळाच्या फळीवर ठेवली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या वर्षी चार झाल्या. मग लोणच्याच्या, मग उमेच्या दारूच्या. मोठ्या, काचेच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. ओकायामाच्या बहिणीला द्यायच्या म्हणून ठेवलेल्या, आणि न दिलेल्या.

तेव्हा बाळांनो, माझं एवढं ऐका. आम्हा रॅकांना भरा, रिकामं ठेवू नका. पण हात सहज आत जाईल एवढी फट राहू द्या. आणि फळी वाकत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. कधीतरी शेजारच्या खांबाकडंही बघा.

कारण काल सकाळी काय झालं सांगतो. सुमिए बरणी घ्यायला आली आणि दार जरासं घासलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा घासलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि मेणबत्ती घेऊन आली.

"हवा दमट आहे," ती म्हणाली.

तोकुजीनं खिशातून काचेची गोटी काढली आणि जमिनीवर ठेवली. गोटी गडगडत आली आणि माझ्या पायाला लागून थांबली.

"सुमिए," तो म्हणाला, "पाठीची चौकट काढू का?"