भुंग्याचे उपास

मुरडा, मुरडा नाकं! कुत्र्याची थाळी म्हटलं की तुमची नाकं मुरडायचीच. मी मात्र इतकी वर्षं तुम्हाला खालून बघत आलेय, आणि खालून माणूस फार बावळट दिसतो बरं का. मी भुंग्याची थाळी बोलतेय. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, खोलगट, एका बाजूला पोचा आलेली. मुक्काम सानपाडा, सिडकोची बिल्डिंग, तळमजला, मोरीच्या दाराशी.

मी काही जन्मापासून कुत्र्याची नव्हते. अरुणाच्या लग्नात तिच्या मावशीने मला आहेरात दिली. तेव्हा माझ्यातून पाहुण्यांना लाडू जायचे. मग घरात स्टील आलं आणि मी एकदम गावंढळ ठरले. त्याच सुमारास अरुणाच्या नवऱ्याने, अरविंदने, चाळीच्या जिन्याखालून एक काळंभोर पिल्लू उचलून आणलं. "याला कशात वाढू?" अरुणाने विचारलं. "ती जर्मनची आहे ना, तीच दे," साहेब म्हणाले. झालं! मी फळीवरून जमिनीवर आले.

पण खरं सांगू? पाहुण्यांपेक्षा भुंग्या बरा. पाहुणे अर्धं टाकायचे आणि वर ढेकर द्यायचे. भुंग्या मला चाटून लख्ख करायचा, ढकलत ढकलत पार दारापर्यंत न्यायचा. भाकरी, मटणाची हाडं, बांगड्याची डोकी, सगळं कडाकडा फोडायचा. त्र्याण्णव साली ही मंडळी चाळ सोडून सानपाड्याला आली, त्यांच्याबरोबर आम्हीही आलो.

पुढे भुंग्याचं तोंड पांढरं झालं. एक दिवस त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घेतला, तसाच खाली टाकला आणि कोपऱ्यात जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तेच. मग आली संकष्टी. अरुणाने साबुदाण्याची उरलेली खिचडी माझ्यात टाकली. मऊ, तुपाने ओली. भुंग्याने ती न चावता गिळली. दुसऱ्या दिवशी भाकरी पुन्हा तशीच. एकादशीला वरीचा भात वाढला, तो मात्र साफ!

शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं, की एक वस्तू कडक आहे आणि दुसरी मऊ. पण अरविंदला कळेल तर शपथ! त्याने मांडीवर थाप मारली आणि ओरडला, "अगं अरुणा, हा उपास करतो! फक्त उपासाचंच खातो!"

हा माणूस म्हणे ऑफिसात दिवसभर फायली तपासतो. घरच्या कुत्र्याचं तोंड काही त्याला तपासावंसं वाटलं नाही.

शेजारच्या शेवंताबाई, मूळ सानपाडा गावातल्या, धावत आल्या. "यो कुत्रा नाय, कोन तरी पुन्यवान जीव हाय," म्हणत त्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला खबर. वरच्या मजल्यावरच्या आरिफाने नेहमीसारखं रविवारचं हाडूक पाठवलं, तर भुंग्याने ते हुंगून तोंड फिरवलं. अरविंदला केवढा आनंद! "बघा, मटणसुद्धा सोडलं!"

"भाऊ, आजारी असंल तो," आरिफा म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं," अरविंद म्हणाला. याला स्वतःला तरी काय कळत होतं, हे मला विचारा.

तेव्हापासून भुंग्याची पूजाच सुरू झाली. येईल तो कपाळाला कुंकू लावणार, माझ्यात पेढा ठेवणार. पेढा मऊ, म्हणून बिचारा खायचा आणि रात्रभर त्याचं पोट बिघडायचं. बाकीच्या दिवशी कोरडी भाकरी नावाला वाढायची आणि आग्रह करायचा नाही, कारण उपास मोडायला लावला तर म्हणे पाप लागतं. भुकेलेल्या जीवाला उपाशी ठेवलं तर काय लागतं, हे कोणी विचारलं नाही. भुंग्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. जिना चढून गच्चीवर जाणारा कुत्रा उंबऱ्याला अडखळू लागला.

"अहो, हा वाळत चाललाय. डॉक्टरला दाखवू या का?" अरुणा म्हणाली.

"टेन्शन घेऊ नकोस. तप केलं की शरीर वाळतंच."

मी थाळी आहे म्हणून, नाहीतर त्याच्या टाळक्यात बसले असते.

शेवटी अरुणाची दाढ दुखायला लागली, म्हणून बरं झालं. वाशीला जाऊन ती काढून आली. गाल हा एवढा सुजलेला. संध्याकाळी जेवायला बसली, भाकरीचा घास चावला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताट सारून तिने गुरगुट्या भात केला. तो खाताना तिचं लक्ष भुंग्याकडे गेलं. तो भाकरीपुढे मान टाकून बसला होता. बाईचा हात थांबला. उष्ट्या हाताने तशीच उठली, खाली बसली आणि तिने भुंग्याचा ओठ वर केला.

अर्धे दात गेलेले. उरलेले हलत होते. हिरड्या लालभडक.

"अगं बाई! तुझं दुखतंय होय रे! आणि आम्ही मेले तुझ्या पाया पडतोय!" अरुणा रडायला लागली. रड म्हटलं मी. स्वतःची दाढ उपटेपर्यंत जिला दुसऱ्याचं तोंड दिसलं नाही, तिने थोडं रडलेलं बरंच.

पण एवढं म्हणेन, नुसती रडत बसली नाही. दुसऱ्याच दिवशी भुंग्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने हलणारे दात काढले, औषध दिलं आणि बजावलं: साबुदाणा, पेढे, तळकट, मसाला बंद. मऊ भात, लाल भोपळा, उकडलेलं अंडं, कोंबडीचे बारीक रेशे, थोडं थोडं करून द्या. घरी अरुणाने दुधी करून पाहिला, भुंग्याने तोंड वाकडं केलं. भोपळा मात्र आवडला. मग ती रोज भात-भोपळा बोटांनी कुस्करायची, गुठळी लागली तर काढून टाकायची. पहिल्यांदाच कोणीतरी विचार करून माझ्यात काही वाढत होतं.

अरविंदला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दातांचं वेगळं, श्रद्धेचं वेगळं. येत्या अंगारकीला लोक यायचेत दर्शनाला. त्या दिवशी याला नुसती खिचडी. माझी शोभा करू नकोस."

अंगारकी आली. हॉल माणसांनी भरला. भुंग्याच्या गळ्यात झेंडूचा हार. अरविंदने तुपात घोळलेली खिचडी माझ्यात वाढली आणि सगळ्यांकडे ऐटीत पाहिलं. तेवढ्यात अरुणा स्वयंपाकघरातून आली. तिने खिचडी बाजूला काढली आणि वाटीतला भात माझ्यात ओतला. त्यात अंडं कुस्करलेलं होतं.

"अरुणा! आज अंगारकी आहे!"

"मला आहे. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नाही मी," ती म्हणाली. "त्याला नाही. त्याला दात नाहीत, म्हणून तो खात नव्हता." तिने सगळ्यांसमोर भुंग्याचं तोंड उघडून दाखवलं.

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. भुंग्या गळ्यातल्या हारासकट माझ्यात वाकला आणि जेवला. सगळं जेवला, मला ढकलत दारापर्यंत घेऊन गेला. एकेक करून माणसं निघून गेली. पेढ्यांचे पुडे मात्र आठवणीने परत नेले.

अरविंद मान खाली घालून बसला होता. भुंग्या हळूहळू त्याच्याकडे गेला आणि ज्याने त्याला इतके दिवस उपाशी ठेवलं त्याच्याच पायावर डोकं ठेवून झोपला. मला भयंकर राग आला. तोंडात सगळे दात असते तरी हा चावला नसता, गाढव कुठला! अरविंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला तसंच बसू दिलं अरुणाने.

आता भुंग्याला दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी. पण तो दोन वेळा जेवतो. हल्ली संध्याकाळचा भात अरविंद कुस्करतो. गुठळ्या ठेवतो, पण कुस्करतो. तुमच्याकडून माझी काही फार अपेक्षा नाही, तुम्हाला चांगली ओळखून आहे मी. तरी सांगते: घरातलं एखादं म्हातारं जेवेनासं झालं, मग ते दोन पायांचं असो की चार, तर हात जोडायच्या आधी त्याचं तोंड उघडून बघा.