काढून टाकलेला रकाना

आमच्या नव्या संगणकभाषेतली प्रत्येक वस्तू, संख्या असो की यादी, मी सी भाषेत एकाच साच्यात ठेवली होती. आत काय आहे, हे साच्याचा पहिला रकाना सांगायचा. साहेबांनी मेमरीतली जागा वाचवायला तोच काढला. आज ग्राहकासमोर प्रोग्रामने साध्या संख्येला यादी समजून उघडलं आणि तो कोसळला.

"बाई, नाक कापलंत आमचं! उद्यापासून हे काम दुसऱ्याकडे," साहेब तिथेच म्हणाले.

"रकाना कुणी काढला?"

"आठ बाइटसाठी एवढा थयथयाट?"

"डब्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही फाडायच्या आणि चहात मीठ पडलं की बोलणी मी खायची?"

मी बदलांची नोंद पडद्यावर लावली. साहेबांच्या नावापुढे त्यांचाच शेरा होता: 'अनावश्यक'. तो मी मोठ्याने वाचला. ग्राहकाने खुर्ची माझ्याकडे वळवली.