फर्डीचं भाकीत खरं ठरायला लागलं तेव्हा

माझ्या नवऱ्याचं, फर्डीचं भाकीत चौतीस वर्षांत एकदाही खरं ठरलं नव्हतं, आणि त्याच भरवशावर मी मार्चमध्ये त्याची अट मान्य केली. हे आधीच सांगून टाकते, कारण अल्बिना म्लाकर, म्हणजे मी, आपल्याच टीमच्या मुळावर उठली होती असं आमच्या हॉलमधले काही लोक अजून म्हणतात, आणि मला ते झोंबतं.

क्लीव्हलँडला सेंट क्लेअर रस्त्यावरच्या आमच्या स्लोव्हेनियन लोकांच्या हॉलमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असतं. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. बेसबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी जेवणं उरकली, की ज्याला हौस असेल त्याने स्टेजवर जायचं, माइक घ्यायचा आणि भाकीत वाचायचं. आपली टीम किती मॅच जिंकेल, प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत कोण जाईल, वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची फायनल कोण मारेल. हॉलचा अध्यक्ष गस ह्रिबार ते सगळं फळ्यावर लिहितो. ज्याचं सगळ्यात जास्त चुकेल, त्याने पुढच्या वर्षी सगळ्या शुक्रवारी स्वयंपाकघरात बसून कांदे चिरायचे. चौतीस वर्षांपैकी बावीस वर्षं कांदे फर्डीने चिरलेत. उरलेली बारा वर्षं दुसरं कोणीतरी त्याच्याहून जास्त चुकलं, एवढंच.

बरं, माणूस मेहनतीत कमी नाही. थंडीभर जेवणाच्या टेबलावर त्याच्या वह्या पसरलेल्या असतात आणि मी आपली सूपचा वाडगा मांडीवर घेऊन जेवते. चेंडू फेकणाऱ्या कुठल्या पिचरचं कोपर दुखतंय, कोणाची बायको बाळंत व्हायचीय, सगळं त्याला पाठ. आणि एवढा अभ्यास करून शेवटची ओळ दरवर्षी एकच: वर्ल्ड सिरीज आपली. आमच्या टीमने ती शेवटची जिंकली एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली. तेव्हा फर्डीचा बाप बिनलग्नाचा होता. मी म्हणायचे, अरे, एकदा तरी दुसऱ्या कोणाचं नाव लिही, माझे कांदे तू फार जाड चिरतोस. तो म्हणायचा, क्लीव्हलँडमध्ये जन्मलेल्या माणसाने दुसरं काय लिहायचं?

यंदा मार्चमध्ये, भाकिताच्या आदल्याच दिवशी, डॉक्टर पेरेल्मन बाईंनी सांगितलं की त्याच्या हृदयाची एक झडप निकामी होत आलीय, ती बदलावी लागेल. छाती उघडून. मी तिथेच विचारलं, उद्या करता का? फर्डी म्हणाला, सीझन संपल्यावर. डॉक्टरबाई सभ्य आहेत, मी नाही. घरी येईपर्यंत गाडीत मी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. शेवटी तो म्हणाला, "अल्बी, ज्या दिवशी टीम बाहेर, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत. आणि हॉलमध्ये कोणाला कळता कामा नये."

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की जड काही उचललं नाही तर ऑक्टोबरपर्यंत थांबता येईल, पुढे नाही. मी मनात हिशेब केला. आमची टीम साधारण ऑगस्टमध्येच गळपटते. त्यातून फर्डी ती जिंकेल असं म्हणणार, म्हणजे जुलैतच. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने माइकवर वाचलं. सीझनच्या एकशे बासष्टपैकी एक्याण्णव मॅच जिंकणार. जुलैत ओळीने नऊ हरणार. प्लेऑफमध्ये जाणार ते सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी. पहिली फेरी सरळ दोन मॅचमध्ये, दुसरी पूर्ण पाच, आणि वर्ल्ड सिरीज सातव्या मॅचला. गस फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाला, फर्ड्या, सुरीला आत्ताच धार लावून ठेव. सगळा हॉल हसला. मीही हसले, देवा मला क्षमा कर.

जुलैत टीम हरायला लागली. तीन, चार, पाच. मी खूश. सहाव्या पराभवाला मी हॉस्पिटलात फोन करून तारखा विचारल्या. आठव्याला माझ्या लक्षात आलं की हॉलमध्ये लोक टीव्हीपेक्षा फळ्याकडे जास्त बघतायत. नववी हरले तेव्हा कोणी शिवीसुद्धा दिली नाही. दहावीला अकरा रन काढून जिंकले, आणि सत्तर माणसं वळून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागली.

तिथून त्याचा संत झाला. त्याला लोक गुडघ्यांबद्दल विचारायला लागले, मुलीच्या लग्नाच्या दिवशी पाऊस पडेल का विचारायला लागले. ज्या लाकडी खुर्चीत बसून त्याने ती दहावी मॅच पाहिली होती, ती गसने खिडकीजवळून हलवू दिली नाही की पुसू दिली नाही. मॅच असली की फर्डीने तिथेच बसायचं. एकदा तो मधेच मुतारीला गेला आणि तेवढ्यात समोरच्यांनी होम रन मारला, तर नंतर मॅच संपेपर्यंत त्याला कोणी उठू देईना. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे याला काळजी घेणं म्हणतात.

आणि मी? मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या लावत होते, आमची टीम हरावी म्हणून. माझ्या वडिलांनी मला वयाच्या चौथ्या वर्षी या टीमची टोपी घातली होती. तीच टोपी घालून मी हॉलमध्ये बसायचे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचे, टाळ्या पिटायचे, म्हणजे कोणाला संशय नको, विशेषतः फर्डीला. आणि मनात म्हणायचे, चुका रे बाळांनो, आज तरी चुका. कोणी चुकेना. एक्याण्णवावी मॅच जिंकले ती सीझनच्या शेवटच्या दिवशी, आणि प्लेऑफमध्ये गेले.

तोवर फर्डीची अवस्था मला दिसत होती. हॉलला चौदा पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये तो आठवीवर थांबायचा, सप्टेंबरमध्ये चौथीवर. थांबला की वाकून बुटाची लेस बांधायचा. त्याच्या बुटांना लेस नाही. रात्री तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा आणि मी त्याचे श्वास मोजत पडायचे. ऑपरेशनची ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख त्याने फिरवली, कारण पहिली फेरी चालू होती. सरळ दोन मॅचमध्ये जिंकले. डॉक्टरबाईंनी मग सोमवारची तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही चुकली तर पुढची कधी मिळेल ते त्यांना सांगता येणार नाही, आणि तोवर त्याचं हृदय वाट बघेल याचीही खात्री नाही. मला रडू फुटलं नाही, राग आला. टीमचा, गसचा, खुर्चीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या नवऱ्याचा.

दुसऱ्या फेरीत बोस्टनवाल्यांशी दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचवी मॅच शनिवारी दुपारी. हरलो तर सीझन संपला, सोमवारी ऑपरेशन. जिंकलो तर सोमवारी पुढच्या फेरीची पहिली मॅच, आणि फर्डी खुर्चीत.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी सॉसेजच्या परातीपाशी उभी. नऊ डावांची मॅच, सात झाले तेव्हा आम्ही दोन रननी मागे. माझा जीव जरा खाली पडला. आठव्या डावात आमचा एक खेळाडू रन काढायला बेसवर उभा होता आणि पुढच्याने चेंडू असा हाणला की तो प्रेक्षकांत कुठे पडला ते दिसलंसुद्धा नाही. दोघांचे दोन रन, बरोबरी. हॉल दणाणला. बाकं आडवी झाली, गसने चर्चच्या फादरना मिठी मारली, कोणाची तरी बीअर माझ्या पाठीवरून ओघळली. मीही सवयीने हात वर केले, आणि हात वर ठेवूनच फर्डीकडे पाहिलं.

तो बसलेला होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. तसा चेहरा त्या हॉलमध्ये त्या क्षणी फक्त दोघांचा होता, आणि दुसरा माझा.

मी लोकांमधून घुसत त्याच्यापाशी गेले आणि वाकून विचारलं, "दुखतंय का?"

"नाही." मग म्हणाला, "मला वाटलं होतं आज संपेल."

"काय संपेल?"

"सीझन, अल्बी. संपला असता तर सोमवारी जाता आलं असतं."

मला खाली बसायला जागाच नव्हती, म्हणून मी त्याच्या खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिले. तो हळूहळू सांगत गेला. सप्टेंबरपासून तोही टीम हरायची वाट बघत होता. त्या भाकितात अभ्यास वगैरे काही नव्हता. डॉक्टरकडून आल्यावर डोकं ठिकाणावर नव्हतं, वह्या उघडल्याच नाहीत, जे आकडे मनात आले ते दहा मिनिटांत खरडले. चौतीस वर्षं जीव तोडून लिहिलं ते सगळं पाण्यात, आणि हे खरं ठरत होतं. आता खुर्चीतून उठावं तर टीम हरेल, आणि ही सत्तर माणसं म्हणतील, म्लाकरने घात केला.

"मग मला का नाही बोललास?"

"तू इतक्या हौसेने ओरडत होतीस. म्हटलं, तिला तरी एकदा टीम जिंकलेली बघू दे."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्या खांद्यावर हाणली. मग स्टेजवर गेले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि माइक घेतला. खालून जो गलका झाला तो मी होऊ दिला.

"फर्डीच्या हृदयाची झडप गेलीय," मी म्हटलं. "सोमवारी ऑपरेशन आहे. तो आत्ता घरी चाललाय आणि झोपणार आहे. त्याची खुर्ची ज्याला हवी त्याने घ्यावी."

कोपऱ्यातून कोणीतरी हळूच विचारलं की निदान आठवा डाव संपेपर्यंत थांबता येईल का, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलेलं मी पाहिलं. खुर्ची घ्यायला एक माणूस पुढे येईना. मॅच हरली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, हे प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी गस उठला. गेली चौतीस वर्षं फर्डीची सगळ्यात जास्त टिंगल यानेच केलीय. तो खुर्चीपाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"फर्ड्या, इतकी वर्षं तुझं चुकत होतं, तेव्हा कोणी तुला मारलं का? ऊठ लेका."

चौदा पायऱ्या उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. गसने फर्डीला काखेत धरलं होतं. वरून दोनदा आरडाओरडा ऐकू आला, दोन्ही वेळा गसची मान मागे वळली, पाय मात्र वळले नाहीत. गाडीचं दार त्यानेच लावलं. मी रेडिओ लावला नाही आणि फर्डीने लाव म्हटलं नाही.

बरोबरीमुळे मॅच नवव्या डावापुढे लांबली आणि दहाव्या डावात आमची टीम जिंकली. रिकाम्या खुर्चीसमोर. तेव्हापासून हॉलमध्ये दोन तट पडलेत: खुर्चीत फर्डीच हवा असं म्हणणारे, आणि खुर्ची रिकामीच हवी असं म्हणणारे. ते एकमेकांच्या टेबलावर बसत नाहीत.

सोमवारी पहाटे त्याला हॉस्पिटलचा तो मागून उघडा झगा घातला. डॉक्टर पेरेल्मन आल्या, त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, काळजी करू नका, या ऑपरेशनमध्ये शंभरातले सत्त्याण्णव...

"डॉक्टर," फर्डी म्हणाला, "आकडा सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, त्याचं ऐका. त्या गेल्यावर तो म्हणाला, मला मार्चपासून भीती वाटतेय. मी म्हटलं, मलाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आणि हे बोलायला आम्हाला सात महिने लागले. त्याला नेताना, सगळं ठीक होईल असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, पण तेही भाकीतच, म्हणून मी ओठ मिटून घेतले. मी, जिला स्वयंपाकघरात एक मिनिट गप्प बसता येत नाही.

पाच तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, झडप बसली. मी त्यांना दोनदा विचारलं. संध्याकाळी गसचा फोन आला की टीम आठ-शून्यने हरली. मंगळवारी सकाळी फर्डीच्या घशातली नळी काढली. मी जवळ गेले. मला माहीत होतं तो काय विचारणार, आणि आठ-शून्य हे सांगायचं कसं याची मी रात्रभर तयारी केली होती.

त्याने डोळे उघडले, मला ओळखायला जरा वेळ घेतला, आणि खरखरत्या आवाजात विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

मी रविवारपासून काहीच खाल्लं नव्हतं. तिथेच त्याच्या पलंगाची कड धरून, नर्सच्या देखत, मी मोठ्याने रडले.