धाकट्याचं पोतं

अनुदान मंजूर झालं. पत्र आलं, त्यावर गोल शिक्का होता आणि ‘कळविण्यास आनंद होत आहे’ असंही लिहिलेलं होतं. ताईने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या, अर्काच्या बाटल्यांच्या फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या खणात सरकवलं आणि गुडघ्याने दार लावलं.

“कोण होतं गं?” आईने घरातून विचारलं.

“कोणी नाही. टपालवाला. चुकून आपल्याकडे आला होता.”

त्यानंतरचे नऊ दिवस त्या घरात अनुदान मंजूर झालेलं नव्हतं.

ताईने अकरा वर्षं औषधांच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गोळ्या तपासल्या होत्या. मग नोकरी सोडून तिने घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतःची प्रयोगशाळा थाटली, धाकट्या भावाला भागीदार करून घेतलं आणि एका दुर्मीळ राखी झुडपाच्या मागे लागली. त्याच्या पानांतलं एक द्रव्य फळांवरची बुरशी रोखतं, असा तिचा दावा होता. महागडी द्रावकं न वापरता, नुसत्या कोमट पाण्याने आणि दाबाने ते द्रव्य वेगळं काढायची पद्धत तिने बसवली होती. द्रव्य असलं की जुनं यंत्र कागदावर सरळ चाललेली रेघ एकदम वर नेऊन परत खाली आणायचं. पुस्तकात त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे. घरात सगळे त्याला सुळका म्हणत.

लघुउद्योगांना संशोधनासाठी अनुदान देणाऱ्या कक्षाकडे अर्ज केला, तेव्हा पानांचं पोतं नेहमी धाकटा आणायचा. गावाबाहेरच्या रोपवाटिकेतून, दर मंगळवारी, कारण मंगळवारी त्याला सुट्टी असे. पाच पोती आली, पाच सुळके आले, अर्ज गेला. मग ताईला वाटलं, बिचारा सुट्टीच्या दिवशीही राबतो, आपण पाळी लावू. तेव्हापासून एक पोतं त्याचं, एक तिचं.

तिच्या तीन पोत्यांतून काहीच निघालं नाही. त्याच्या तिन्ही पोत्यांतून सुळका निघाला.

झुडूप तेच, रोपवाटिका तीच, यंत्र तेच. पाला वाळवायला आई, कुटायलाही आईच. बदलत होता तो फक्त आणणारा.

आणि पत्रासोबत एक प्रतिज्ञापत्र होतं. पंधरा दिवसांच्या आत दोन्ही भागीदारांनी त्यावर सही करून लिहून द्यायचं की अर्जातल्या वनस्पतीतून हे द्रव्य प्रत्येक वेळी निघतं. धाकटा वेगळा राहायचा आणि विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालण्याचा त्याला पगार मिळे. त्या नोकरीचा त्याला इतका वीट आला होता की राजीनामा लिहून त्याने खिशात ठेवला होता. पत्र येईल त्या दिवशी देणार, असं तो सगळ्यांना सांगत फिरे. म्हणजे सुळका खोटा असेल तर ताईला एका सहीत दोन गोष्टी करायच्या होत्या: सरकारी कागदावर थाप मारायची आणि सख्ख्या भावाची नोकरी घालवायची.

म्हणून तिने आधी भावाचा छडा लावायचं ठरवलं.

धाकट्याला रसायनशास्त्र अजिबात येत नव्हतं. मीठ आणि साखर त्याला चाखल्याशिवाय ओळखता येत नसत. पण लोक कसे फसवतात याचं त्याच्याइतकं ज्ञान घरात कोणालाच नव्हतं. त्याचं रिकामं पोतं तिने कोमट पाण्यात बुडवलं आणि ते पाणी यंत्राला पाजलं. रेघ सरळ. त्याचा कोट खुंटीवर असताना खिशांचा वास घेतला. खोकल्याच्या गोळ्या.

मग तिने आडून चौकशी सुरू केली.

“येताना कुठे थांबला होतास?”

“सिग्नलला.”

“किती वेळ?”

“लाल होता तितका वेळ.” त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “यंत्र तू एकटीच लावतेस ना गं?”

“मग काय बँड बोलवू?”

“नाही, सहज विचारलं.”

पण तो सहज विचारणाऱ्यातला नव्हता. हल्ली तो गॅरेजमध्ये तिच्या मागे हाताची घडी घालून उभा राहायचा आणि ती कुठली बाटली उचलते ते बघायचा. एकदा तर तिने झाकण उघडल्यावर त्याने ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. चोराच्या डोळ्यांत असतं ते हेच, असं ताईला वाटलं. तिने झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं.

दहाव्या दिवशी मंगळवार होता. पोतं आणायची पाळी धाकट्याची. त्याने ते गॅरेजच्या दाराशी टाकलं, आईने पाला तपासल्यासारखा केला आणि जुन्या चादरीवर पसरायला घेतला. तेवढ्यात शेजारचे मोजणीदार आले. ते जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते, पण टेप अजून कमरेला असे. हातात वही होती.

“माझं कुंपण विरळ होतंय,” ते म्हणाले.

दोन घरांच्या मध्ये त्यांचं हिरवं कुंपण होतं. कुठल्याही शाळेभोवती, दवाखान्याभोवती, सांडपाण्याच्या टाकीभोवती लावतात तसलं, कोणी मान वळवूनही न पाहावं असं.

“किडीमुळे असेल, काका,” ताई म्हणाली.

“कीड तारखा पाळत नाही.” त्यांनी वही उघडली. “तुमच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर, दर वेळी हातभर पट्टा. पुरावा आहे माझ्याकडे. सोमवारी उपटून टाकतोय. भिंत बांधणार.”

त्यांनी तारखा वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या तारखेला ताईने हातातली बाटली खाली ठेवली. पाचव्या तारखेला ती आत जाऊन आपली नोंदवही घेऊन आली. आठव्या तारखेला तिचं बोट पानावरच थांबलं. आठही मंगळवार. प्रत्येकासमोर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आणणारा, धाकटा.

ती वही घेऊन भावासमोर उभी राहिली.

“कुंपणाची पानं तू तोडतोस?”

“मी?” धाकटा म्हणाला. “मी कशाला तोडू? मला आणायची असतात तीच आणायचा कंटाळा येतो.”

“मी तोडते,” आई चादरीवरून म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ती पानं सारखी करत होती.

“हा आणतो ते पोतं कधी भरलेलं असतं का? अर्ध्यावर रिकामं. मग तू वजन करणार, मग त्याला बोलणार. तो जेवायला न थांबता निघून जातो. म्हणून मी थोडी भर घालते. वाळली की सगळी पानं सारखीच दिसतात. तुझं पोतं भरलेलं असतं, त्यात घालावी लागत नाहीत.”

“आई,” ताई म्हणाली. तिने वही मिटली.

“एवढ्यासाठी तुम्ही यंत्र लावून शोधत होतात? मला विचारायचं.”

“माझ्या कुंपणाला हात लावायच्या आधी मलाही विचारायचं,” मोजणीदार म्हणाले.

ताई निघाली. कुंपणाच्या कडेला जाऊन तिने मूठभर पानं तोडली, मोजणीदारांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांनी ती वेळेसह वहीत टिपून घेतली. पानं ठेचली, कोमट पाण्यात घातली, दाब दिला, गाळली. दीड तास सगळे यंत्रापाशी थांबले. मोजणीदारही गेले नाहीत, कारण पानं त्यांची होती. यंत्राची रेघ सरळ चालत राहिली, मग एकाएकी उठली आणि कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. इतका मोठा सुळका त्या गॅरेजने पाहिला नव्हता.

मोजणीदारांनी टेप काढून तो मोजला.

“साडेअठरा सेंटीमीटर. आणि हे माझ्या कुंपणात होतं?”

“हो.”

“मग ते माझं झालं.”

त्यांनी टेप गुंडाळला आणि सोमवारचं काही न बोलता निघून गेले.

ताई फ्रीजजवळ गेली. खालचा खण उघडून तिने पत्र बाहेर काढलं.

“तुला एक दाखवायचंय,” ती म्हणाली. “चिडू नकोस.”

ती वळली, तेव्हा धाकट्याच्या हातातही चार घड्यांचा कागद होता. त्यावर तोच गोल शिक्का. तिने आपलं पत्र उघडून पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, छापलेलं होतं: नियमानुसार दोन भागीदारांना दोन स्वतंत्र प्रती, स्वतंत्र पत्त्यांवर.

“कधी आलं तुला?”

“तुझ्यासारखंच. दहा दिवस झाले.”

“मग बोलला का नाहीस?”

धाकट्याने कागदाची घडी उलटी घातली, मग सुलटी.

“रोज माणसं बघतो मी. विम्याचे पैसे मिळून भाऊ सुखी व्हावा म्हणून भावाच्या मोटारीला आग लावणारी. तुझ्या पोत्यात सुळका येत नाही, माझ्यात येतो. मला वाटलं, तू घालतेस काहीतरी. माझी नोकरी सुटावी म्हणून. म्हटलं सही केली तर तू अडकशील. आधी बघू काय घालते ते.”

“म्हणून झाकण बघत होतास?”

“आणि तू माझ्या कोटाचा वास घेत होतीस. मी दारातून पाहिलं.”

ताईने डोळे पुसले, चष्म्यावर वाफ आली होती असं दाखवत.

“राजीनामा?”

त्याने खिशातून तो काढून दाखवला. घड्यांवर फाटायला आला होता.

“ठेव अजून,” ती म्हणाली.

“काय कुजबुजताय?” आईने विचारलं.

ताईने दोन्ही पत्रं आईपुढे ठेवली. मग धाकट्याने स्टूल ओढलं आणि कोरा कागद घेतला, कारण सरकारी भाषा त्यालाच यायची. खाडाखोड दोनदाच झाली. प्रतिज्ञापत्र कोरं ठेवून त्याच्यासोबत हे जोडलं:

‘महोदय, आपण मंजूर केलेल्या झुडपात सदर द्रव्य नाही, हे नम्रपणे कळवतो. ते शेजारच्या कुंपणात आहे. पद्धत मात्र बिनचूक आहे. तिने कुंपण आपोआप शोधून काढलं, फक्त आमचा तिच्यावर विश्वास बसायला उशीर झाला. तरी मूळ अर्जात जिथे जिथे ‘दुर्मीळ वनस्पती’ असा उल्लेख आहे, तिथे ‘कुंपण’ असं वाचावं. मुख्य संशोधक म्हणून आमच्या आईचं नाव लावावं. पात्रतेच्या रकान्यात काय लिहायचं ते ती विचारते आहे. सोमवारी सकाळपूर्वी कुंपणास संशोधन साहित्याचा दर्जा देऊन तसं शेजाऱ्यांना लेखी कळवावं.

आणखी एक. यापुढे या कामासंबंधी मंजुरी, नामंजुरी किंवा अन्य कोणतंही पत्र पाठवाल, तेव्हा आपल्या नियमात दोन प्रतींची तरतूद असली तरी कृपया एकच प्रत, एकाच पत्त्यावर पाठवावी आणि पाकिटावर ‘दोघांनी मिळून उघडणे’ असा शिक्का मारावा, ही विनंती.’