झुझानाचे टाके

ओंद्रेय कुबित्साच्या विजारीला कमरेपाशी दोन्ही बाजूंनी चामड्याचे पट्टे होते. चेंडू छातीशी धरून तो घुसला, की गड्यांनी ते पट्टे धरायचे आणि त्याला गर्दीतून ओढून रेघेपार न्यायचं. ओहायोतल्या पोलादाच्या गावांत तेव्हा अमेरिकी फुटबॉल असाच चाले. पट्टे त्याच्या बायकोनं, झुझानानं शिवले होते, घोड्याच्या खोगिराच्या दोऱ्यानं, बाळाला मांडीवर घेऊन. "कापड फाटेल, पण हे निघायचे नाहीत," ती म्हणाली होती. "तू मात्र धड परत ये."

धड तो होताच कुठे? दोन वर्षांमागे शेजारच्या गावच्या रॅडबॉ नावाच्या गड्यानं, शिट्टी झाल्यावर, माणसांच्या ढिगाखाली त्याचा गुडघा पिळला होता. तो अख्खा हिवाळा ओंद्रेय खाटेवर, आणि पोटुशी झुझाना लोकांचे कपडे धूत होती. गुडघा पुन्हा वाकायला लागला तो त्या एका माणसाच्या नावानं.

आज सामना त्याच गावाशी होता. ओंद्रेय बुटांच्या नाड्या आवळत असताना मॅनेजर एका धिप्पाड गड्याला घेऊन आला आणि भलतंच नाव सांगून त्यानं ओळख करून दिली. पैसे मोजेल त्या गावाकडून खेळणारे भाड्याचे गडी खोट्या नावानंच खेळत, त्यात कुणाला काही वाटत नसे. अंगात ओंद्रेयच्याच गावाचा सदरा. चेहरा रॅडबॉचा.

त्यानं ओंद्रेयला ओळखलं नाही. पायाकडे मात्र नीट पाहिलं.

"डावा दुखतो वाटतं, दोस्ता? मग मी डावीकडून ओढतो. भार टाक माझ्यावर बिनधास्त."

सामना संपत आला तेव्हा रेघ हातभर उरली होती. रॅडबॉनं पट्ट्यात मनगट अडकवलं आणि बैलासारखा ओढू लागला. एक पाऊल, की सामना खिशात. ओंद्रेयनं ते टाकलं नाही. सगळ्या वजनानिशी तो उजवीकडे पडला आणि लोळला. पट्टा पिळला गेला. मनगट मोडल्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला, आणि फार गोड वाटला.

गावकरी शिव्या देत पांगले. रॅडबॉ चिखलात हात पोटाशी धरून पडला होता. "गेलो का रे पलीकडे?"

"नाही." ओंद्रेय वाकला. "मी कुबित्सा. माझा गुडघा. शिट्टीनंतर. आठवतंय?"

रॅडबॉनं खरंच आठवून पाहिलं. मग ओशाळून म्हणाला, "नाही रे भाऊ. किती गुडघे झाले."

घरी झुझानानं आधी विजार उलटीपालटी करून पाहिली. एकही टाका उसवला नव्हता.

"बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणत तिनं बाळ पुढे केलं. ओंद्रेयनं ते घेतलं नाही. आधी हात धुऊन येतो म्हणाला.