बिनडोक्याचा गेंडा

मी गेंडा बोलतोय. म्हणजे गेंड्याचं गळ्यापासून खालचं अंग बोलतंय. डोकं होतं मला, चांगलं शिंगाबिंगाचं, पण ते गेलं. कसं गेलं ते सांगतोच. तोंड नसताना बोलतोस कसा, असं मात्र विचारू नका. आमच्या मैदानावर तोंड असलेली माणसं काय काय बोलतात ते ऐकलंत, तर माझं बोलणं तुम्हाला गोड वाटेल.

मी एका फुटबॉल क्लबचा गेंडा. संघाच्या झेंड्यावर गेंडा, शर्टावर गेंडा, आणि सामन्याआधी मैदानाला फेरी मारून लोकांना हसवणारा गेंडा तो मी. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराने मला शिवलं. वरून करडी मखमल, आतून स्पंज, पाठीवर चेन. तेव्हाचे मालक म्हातारे आणि हौशी होते. कारागिराला म्हणाले, "कापडात हात आखडू नकोस. याला बघून लेकरं पळत आली पाहिजेत." लेकरं आलीही. मिठ्या मारून मारून माझ्या पोटावरची मखमल त्यांनी गुळगुळीत करून टाकली. माझे सुखाचे दिवस म्हणाल तर तेवढेच.

म्हातारे मालक वारले आणि वारसांनी क्लब विकून टाकला. घेणाऱ्याचा शीतगृहांचा धंदा होता. दुसऱ्यांच्या भाज्या आणि मासे थंड ठेवायचा माणूस, स्वभावानेही तसाच. आल्या आल्या त्याने एकच शब्द उच्चारला: पुनर्बांधणी.

तिचा अर्थ आधी आम्हा सामानाच्या खोलीतल्या वस्तूंना कळला. खेळाडूंच्या आंघोळीचं गरम पाणी बंद झालं. साबणाच्या वड्या कापून अर्ध्या करण्यात आल्या. दिवे लावायला नकोत म्हणून सराव भर दुपारी होऊ लागला. मग माणसांची पाळी आली. गोल करणारा विकला, गोल अडवणारा विकला, आणि त्यांच्या जागी स्वस्तातली कोवळी पोरं आली. ती सामन्याआधी माझ्या खोलीशेजारच्या मोरीत उलट्या करायची. संघ हरू लागला. आधी चुरशीने, मग सवयीने.

एकदा मालकाने सामन्याआधी लाउडस्पीकरवरून भाषण केलं. "मंडळी, जुनं घर पाडल्याशिवाय नवं उभं राहत नाही. धीर धरा."

"पाडलंस ते दिसलं रे," कठड्याजवळून आवाज आला, "पण विटासुद्धा विकून खाल्ल्यास!"

सगळं मैदान हसलं. तो आवाज भोंग्याचा. भोंगा म्हणजे आमच्या पाठीराख्यांचा पुढारी. त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्याच्या घशाला भोंगा लावायची गरज नव्हती म्हणून हे नाव. मालकाला चिंगूसशेठ हे नाव ठेवलं तेही यानेच. लोक म्हणायचे, चिंगूसशेठची कातडी गेंड्याची आहे, शिव्या आत शिरतच नाहीत. मला वाईट वाटायचं. गेंड्याच्या कातडीत काय काय शिरतं ते मला विचारा.

कारण मालक वर काचेच्या खोलीत बसायचा. तिथवर बाटली पोचत नाही. माझ्यापर्यंत पोचते. संघ हरायचा आणि लोक माझ्यावर फेकायचे. बाटल्या, नाणी, चपला, एकदा तर कुणी गरम चहा ओतला. आत माणूस आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कोण आहे हे माहीत नव्हतं.

आत डावरा होता.

डावऱ्याचं नाव या गावात कुणाला सांगावं लागत नसे. डाव्या पायाने खेळायचा, आणि खेळायचा म्हणजे असा, की चेंडू त्याच्याकडे गेला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. "डावऱ्या, मार! डावऱ्या, मार!" या घोषणेने पत्रे थरथरायचे. नव्या मालकाच्या पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा मोडला. डॉक्टर म्हणाले, दोन शस्त्रक्रिया लागतील. मालकाने एकीचा खर्च केला आणि म्हणाला, "चालता येतंय ना? मग झालं." त्या दिवसापासून डावरा एक पाय टेकायचा आणि एक ओढायचा.

मालकानेच त्याला माझ्या आत घातलं. आधीच्या गेंडेवाल्याला काढून टाकलं होतं, आणि लंगडणारा गेंडा लोकांना विनोदीच वाटतो. डावऱ्याची एकच अट होती: नाव कुणाला कळता कामा नये. सासुरवाडीला जाऊन दुकान टाकलंय, अशी हूल त्यानेच उठवून दिली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची खोली घेतली.

भोंग्याने ही हूल खरी मानली. त्याच्या दुकानातल्या आरशावर डावऱ्याचा फोटो होता. दर सामन्याला तो आणि त्याची माणसं एक लांबलचक फलक घेऊन यायची: 'डावऱ्याला न्याय द्या'. तो फलक कठड्याला बांधून झाला की त्याच्यावरून वाकून ती मला चपला मारायची.

डावऱ्याची बायको कपडे अल्टर करायची. सामना झाला की माझं अंग पिशवीत घालून तो घरी न्यायचा आणि ती फाटलेलं शिवायची.

"हे काय लागलंय?" एकदा तिने विचारलं.

"थुंकी."

"आणि तुम्ही हात हलवून दाखवत होतात त्यांना?"

"तेच तर काम आहे, अगं."

"सोडा हे काम. शाळेच्या गाडीवर घेतायत ड्रायव्हर."

डावऱ्याने मोडका गुडघा चोळला. मग म्हणाला, "शाळेच्या गाडीतून गवत दिसत नाही."

तिने सुई ओढली आणि दोरा दातांनी तोडला. पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आमच्यापेक्षाही खाली असलेल्या एका संघाने आम्हाला आमच्याच मैदानावर धुतलं. लोक पेटले. रखवालदारांची संख्या मालकाने केव्हाच कमी केली होती, त्यामुळे कठडा ओलांडायला कुणाला अडचण आली नाही. हरलं तरी जाहिरातींच्या फलकासमोर उभं राहून हात हलवायचा, असा मालकाचा हुकूम होता. डावरा तिथेच उभा होता. त्यांनी आम्हाला पायांना धरून गाड्या लावायच्या पटांगणात ओढत नेलं.

लाथा बसू लागल्या. स्पंज जाड होता, पण इतका जाड नव्हता. डावऱ्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. आवाज ओळखला गेला असता. तो नुसता डावा गुडघा पोटाशी घेऊन, त्याला हातांनी झाकून पडला होता. "बघा, गेंडा मुटकुळं करून झोपला!" कुणीतरी म्हणालं, आणि लाथा नेमक्या त्या हातांवर पडू लागल्या.

भोंग्याने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं. मानेची शिवण टराटरा उसवली.

सगळे थांबले. घामाने भिजलेला, ओठ फुटलेला डावरा वर बघत होता. मला वाटलं, सुटलो. आता ही माणसं लाजतील. कुणीतरी पाणी आणेल.

"तू?" भोंगा म्हणाला.

"मीच रे. गुडघ्यावर तेवढं नको मारू."

"आम्ही तुझ्या नावाने घसे फोडतोय! पोलिसांचे दंडुके खाल्ले तुझ्यासाठी! आणि तू त्या चिंगूसचेच तुकडे मोडतोयस? त्याच्यासाठी नाचतोयस?"

"मैदानावर यायला मिळतं, भोंग्या."

"त्यापेक्षा मेला असतास," भोंगा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "निदान आम्हाला रडता तरी आलं असतं."

आणि त्याने पुन्हा लाथ घातली. बरोबर डाव्या गुडघ्यावर.

मग माझ्या डोक्याचा फुटबॉल झाला. त्या पटांगणात ते माझं डोकं एकमेकांकडे टोलवत होते आणि खरं सांगतो, आमच्या संघापेक्षा बरे खेळले. शेवटी एकाने ते नाल्यात मारलं. "गोल!" म्हणून सगळे ओरडले.

दुसऱ्या दिवशी मालक सामानाच्या खोलीत आला. डावरा बाकावर बसला होता, गुडघ्याला कापड गुंडाळून. मालकाने पेनाच्या टोकाने माझी फाटकी मान उचलून पाहिली.

"नवं डोकं करायला नको," तो म्हणाला. "असाच जा. लोकांना तुझ्यावर राग काढायचाय ना? काढू देत. माझ्यावर काढण्यापेक्षा बरं. आणि बघायला येतील ते तिकीट काढूनच येतील."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर फाटक उघडंच आहे. पण मग आत यायचं ते तिकीट काढून."

त्या संध्याकाळी डावऱ्याने मला शिलाई मशीनवर ठेवलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मला उचलून जमिनीवर ठेवलं.

"इतके दिवस गेंडा शिवत होते," ती म्हणाली. "माणूस शिवायला मला येत नाही."

"अगं, आत लपून फिरत होतो तेव्हा मी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता निदान माझं नाव घेतील."

"शिव्या देतील."

"नाव घेऊन देतील ना."

ती उठून आत गेली. मी तसाच फाटका राहिलो.

पुढच्या सामन्याला मैदान कधी नव्हे ते गच्च भरलं. डावरा माझ्यात शिरला आणि उघड्या डोक्याने फेरीला निघाला. "डावऱ्याला मार! डावऱ्याला मार!" जुनीच चाल, जुनाच ठेका, मध्ये फक्त एक 'ला' घातलेला. कठड्याशी भोंगा उभा होता. त्याने वाकून डावऱ्याच्या डोक्यात सणसणीत टपली हाणली. लोक खदखदून हसले.

आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. समोरच्या संघाच्या एका गोंधळलेल्या खेळाडूने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला, त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. पण भोंगा बाकावर चढून ओरडला, "टपलीचा गुण आहे! शकुनाचा गेंडा आहे हा!"

झालं. तेव्हापासून सामन्याआधी कठड्याला रांग लागू लागली. डावऱ्याने फेरी मारायची, प्रत्येकासमोर मान खाली घालायची, प्रत्येकाने टपली द्यायची. आयांनी लेकरांना कडेवर घेऊन टपल्या द्यायला लावल्या. जिंकलो तर टपलीचा गुण, हरलो तर "नीट मारलं नाही." मग पुढच्या वेळी नीट मारायचे. टपल्यांच्या चापटी झाल्या, चापटींच्या थपडा.

भोंगा आता त्याच्याशी गोड वागू लागला. खांद्यावर हात टाकून दुकानात घेऊन गेला आणि त्याचं डोकं फुकट भादरून दिलं, तुळतुळीत. "आवाज चांगला आला पाहिजे," म्हणाला. डावऱ्याने घरी हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. खरंच हसत होता. माझ्यात शिरला की त्याची छाती धडधडायची, खेळायच्या दिवसांत धडधडत असेल तशी.

याच दिवसांत त्या कोवळ्या पोरांतला एक खरंच खेळू लागला होता. मालकाने त्याला विकलं. एरवी लोकांनी फाटक तोडलं असतं. पण 'डावऱ्याला न्याय द्या' हा फलक कधीच फडकी करून संपला होता आणि भोंग्यासकट सगळे टपलीच्या रांगेत उभे होते. काचेच्या खोलीत मालक कॉफी पीत होता. त्याच्या नावाने कुणीही ओरडलं नाही.

हंगामाचा शेवटचा सामना. डावरा रांगेसमोरून जात होता. आता तो माणसांकडे बघतही नसे. पाय ओढायचा, थांबायचा, मान वाकवायची, थप्पड घ्यायची, हसायचं, पुढे जायचं. तो एका बाईसमोर थांबला, मान वाकवली आणि वाट बघत राहिला.

थप्पड येईना.

"अहो बाई, मारा की," मागून भोंगा म्हणाला. "रांग खोळंबलीय."

मी तिचे हात ओळखले. बोटांना सुईचे डाग, अंगठ्याचं नख चिरलेलं. तिने तिकीट काढलं होतं, रांगेत उभी राहिली होती आणि आता तिचा नवरा तिच्यासमोर मान वाकवून, हसऱ्या तोंडाने, ती कोण हे न बघता मार मागत होता.

तिने डोक्यात टपली नाही दिली. हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं, आणि अंगातली सगळी ताकद लावून थोबाडीत मारली.

"वा, बाई!" भोंगा टाळ्या पिटत म्हणाला. "आज जिंकतोय आपण!" सगळं मैदान उभं राहिलं.

डावऱ्याचं हसू तसंच राहिलं, पण माझ्या आत त्याची छाती क्षणभर थांबली. मग तो पुढच्या माणसासमोर गेला आणि त्याने मान वाकवली. त्याने सगळी रांग पुरी केली. एकालाही चुकवलं नाही.

खोलीत परत आल्यावर मात्र त्याने चेन उघडली, मला खिळ्याला टांगलं, आणि बाहेर गर्दी गोल गोल म्हणून किंचाळत असताना मागच्या दाराने निघून गेला. तो पुन्हा आला नाही. फाटकावरचा रखवालदार सांगत होता की ती फाटकाशीच उभी होती. ती पुढे, हा मागे, असे दोघं चालत गेले. ती त्याच्याशी बोलली का, त्याने तिला माफ केलं का, तिने त्याला केलं का, मला माहीत नाही. त्यानंतर मला घरी कुणी नेलेलं नाही.

मी अजून खिळ्यावरच आहे. काखेत उसवलोय, पोटात उंदरांनी घर केलंय. नवा हंगाम आठवड्यावर आला आहे. मालक म्हणतो, पुनर्बांधणी आता खऱ्या अर्थाने सुरू होणार. त्याने फाटकावर पाटी लावली आहे: 'गेंड्यासाठी माणूस पाहिजे. अनुभवाची गरज नाही.' भोंगा रोज येऊन विचारून जातो, कुणी मिळाला का.

तुम्ही कामधंद्याच्या शोधात असाल, आणि चालता चालता ती पाटी तुम्हाला दिसली, तर थांबू नका. फाटकातून आत डोकावूही नका. गवत फार हिरवं दिसतं तिथून. आणि माझ्यात एकदा शिरलात ना, तर मी आतून अजूनही फार मऊ आहे.