ताईच्या हातची सही

नोटीस हातात पडली तशी बाळ्याने ती दोनदा वाचली. प्रोबेशनच्या अटींचा भंग, मंगळवारी कोर्टात हजर राहा. एवढंच त्याला कळलं, आणि तेवढं पुरे होतं.

दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुणारा हा चाळिशीचा गडी. दोन-अडीच वर्षांपूर्वी सुपरवायझरशी हमरीतुमरी झाली आणि याने ठोसा हाणून त्याचा जबडा मोडला. पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाने वर्षभराची कैद बाजूला ठेवून दोन वर्षांच्या प्रोबेशनवर सोडलं. मारामारी करायची नाही, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑफिसात जाऊन सही करायची. सतरा सोमवार त्याने इमानेइतबारे पाळले. अठराव्याला मेला ताप आला, एकशे तीन!

बायको शहाणी. तिने सकाळीच अधिकारी मॅडमना फोन केला. "बुधवारी येऊ दे, डॉक्टरची चिठ्ठी आणायला सांगा," मॅडम म्हणाल्या. विषय मिटला होता हो! पण हे ताईला कोणी सांगितलंच नाही.

ताई त्याची थोरली बहीण, त्याच लाँड्रीत इस्त्रीवर. तिथली रीत अशी, की आधी पोचेल त्याने हजेरीच्या मस्टरवर बाकीच्यांच्याही सह्या ठोकायच्या. पंधरा वर्षं बाळ्याची सही ताईच करत आलेली, त्याच्यापेक्षा झोकात. त्या सोमवारीही जेवणाच्या सुट्टीत ती प्रोबेशनच्या ऑफिसात गेली, कारकुनाने मान वर न करता खिडकीतून रजिस्टर सरकवलं, हिने सही केली. संध्याकाळी तिने फुशारकीने सांगितलं तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी बाळ्या चिठ्ठी घेऊन गेला. पण ताईचं नाव कसं घेणार? मूग गिळून बसला. मॅडमनी रजिस्टर पाहिलं. ज्या दिवशी माणूस तापाने फणफणला होता, त्याच दिवशी त्याची सही. त्यांनी कोर्टाला अहवाल पाठवला.

"नुसती तारीख चुकली असती तर समज देऊन सोडलं असतं," बाळ्याच्या वकीलबाई म्हणाल्या. "आता जजसाहेब दोन्ही बाजू ऐकतील. मग समज देतील, मुदत वाढवतील, नाहीतर प्रोबेशन रद्द करून ते वर्ष भोगायला लावतील. सही कुणाची?"

"माझीच."

"खरं बोला. कोर्टात खोटं बोललात तर मी काही करू शकणार नाही."

चार दिवस बाळ्या एकच हिशोब घालत राहिला. आत गेलो तर घर बायकोच्या गळ्यात, बोललो तर ताई आत. ताईला त्याने बजावलं, "तू कामावर जा. तिकडे फिरकू नकोस."

मंगळवारी जजसाहेबांनी रजिस्टर पुढे धरलं. "ही सही तुमची?"

"होय, साहेब."

"मग या कागदावर करून दाखवा."

बाळ्याने पेन उचललं. ताईसारखा झोक आणायला गेला आणि अक्षरं एकमेकांवर चढली. पुन्हा केली. आणखीच बिघडली. घाम कागदावर टपकला.

"त्याला नाही जमायची ती!" मागून आवाज आला. ताई कामाचा एप्रन न काढताच उभी होती. "मी केली साहेब. त्याला उठताही येत नव्हतं."

"ताई, खाली बस!" आपण कोर्टात आहोत हे विसरून बाळ्या ओरडला.

ती बसली नाही.

बाळ्याची कैद टळली, मुदत एक वर्षाने वाढली. ताईवर वेगळा खटला चालला. तिचाही पहिलाच गुन्हा, म्हणून तिलाही प्रोबेशन.

पुढे एका पहिल्या सोमवारी दोघं त्याच खिडकीशी उभी होती. कारकून आता प्रत्येकाचं तोंड निरखून बघायचा. बाळ्याने आपली वेडीवाकडी सही केली आणि पेन ताईला दिलं. सगळ्यांच्या सह्या झरझर ठोकणारी ताई स्वतःच्या नावापाशी अडली.

"तूच कर ना रे माझी," ती हळूच म्हणाली, जरा हसून.

बाळ्याला हसू आलं नाही. तिची सही होईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.